म्हाळूच्या बंदुकीचा नेम

एक होतं उंबरसोंडी गाव, आणि त्या गावाला पुरून उरेल असा एकच भोळा तिथे होता. त्याचं नाव म्हाळू. म्हाळू आळशी नव्हता, लबाड तर मुळीच नव्हता. एखादं काम सांगितलं की तो ते करायचाच. मग सांगणारालाच वाटायचं, आपण तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं.

म्हाळूच्या लग्नाला तीन वर्षं होत आली होती आणि त्याची बायको सगुणा अजून माहेरीच होती. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. सगळं अडलं होतं एका बोळक्यापायी.

सगुणेचं माहेर सोनखडी. त्या गावची रीत जगावेगळी होती. भैरोबाच्या जत्रेच्या दिवशी देवळापुढच्या दोन कडुलिंबांना दोरी बांधायची. जिला पहिल्यांदा सासरी जायचं असेल तिच्या नावाने मातीचं मुठीएवढं बोळकं त्या दोरीला टांगायचं. आत गुलाल भरायचा आणि गळ्याला त्या बाईच्या लुगड्याची चिंधी बांधायची. जावयाने वीस पावलांवर उभं राहून छर्‍याच्या बंदुकीने ते फोडायचं. बार एकच. फुटलं तर बायको त्याच दिवशी गाडीत बसून सासरी. चुकलं तर जावयाने पोटभर जेवायचं, एकट्याने घरी जायचं आणि पुढच्या जत्रेला परत यायचं. याला जावयाचा नेम म्हणत. सोनखडीचे लोक एरवी समजूतदार, पण या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

पहिल्या वर्षी म्हाळूला देवळाचा बापू गुरव म्हणाला, "पाव्हणं, डोळा झाकून नेम धरा." म्हाळूने दोन्ही डोळे झाकले. छरा कुठे गेला ते अजून कुणाला कळलेलं नाही.

दुसर्‍या वर्षी बापू गुरवाने नीट समजावलं. "पाव्हणं, एकच डोळा झाकायचा." म्हाळूने एका हाताने एक डोळा झाकला. दुसर्‍या हाताने बंदूक धरली. मग घोडा ओढायला हातच उरला नाही. तो तसाच उभा राहिला. दिवस मावळायला आला तेव्हा लोकांनी त्याला धरून जेवायला नेलं.

त्या दिवशी तो निघताना सगुणा गाडीपाशी आली. तिचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "अवो, पुढल्या साली तरी फोडा. माज्या बरोबरीच्या पोरींची पोरं आता चालाया लागली. आन् लोकांची उसनी बंदूक नगा घेऊ. सोताची घ्या. घरी सराव करा. कुणा जाणत्याला इचारून करा."

म्हाळूला ते फार लागलं. सगुणा त्याला मनापासून आवडत होती. तिच्या हातची भाकरी त्याने तीन वर्षांत दोनदाच खाल्ली होती, तीही पाहुणा म्हणून. यंदा काहीही होवो, विचारल्याशिवाय आपण काही करायचं नाही, असं त्याने ठरवलं. हे ठरवलं नसतं तर बरं झालं असतं, पण ते आता मी सांगून काय उपयोग.

जत्रेला पंधरा दिवस उरले तेव्हा म्हाळू तालुक्याच्या बाजारात गेला आणि सगळ्यात स्वस्त बंदूक घेऊन आला. ती स्वस्त का होती ते घरी आल्यावर दिसलं. खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता चिरलेला होता. स्प्रिंग थकलेली होती. घोडा ओढला की छरा नळीतून निघून म्हाळूच्या पायाशी पडायचा.

गावात जाणता माणूस म्हणजे इसाकभाई सायकलवाला. त्याच्या हाताखालून सायकली जायच्या, पंप जायचे, रेडिओ जायचे. त्याने बंदूक उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "हिच्यात चांगलं असं कायच न्हाई. पण घरच्या मोडक्यातोडक्या सामानात हिला उभी करू. पैला दस्ता बदल. घरात जुनं लाकूड असंल ते घे."

"केवढा करू?" म्हाळूने विचारलं.

"ज्याच्या हातात बंदूक, त्याच्या मापाचा."

म्हाळू घरी आला. लाकूड शोधायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून त्याने बंदूक आईच्या हातात दिली. मग तो थबकला. बंदूक आईच्या हातात होती. त्याने आईचं माप घेतलं.

म्हाळूची आई गिरजाबाई उंचीला उखळाहून थोडी जास्त होती. खाटेचा एक पाय काढून म्हाळूने तिच्या मापाचा दस्ता केला. छान गुळगुळीत केला. मग बंदूक स्वतःच्या खांद्याला लावून त्याने घोडा ओढला. दस्ता इतका आखूड की घोडा ओढताना बंदूक मागे आली ती थेट नाकावर.

नाकाला फडकं लावून तो इसाकभाईकडे गेला. इसाकभाईने कपाळाला हात लावला. "अरं बाबा, माप घेताना वीतभर जास्तीच ठेवावं. जास्तीचं कापाया येतं, कमी पडलं तर काय जोडणार?"

"वीतभर जास्ती," म्हाळू म्हणाला. आणि घरी जाऊन त्याने खाटेचा दुसरा पाय काढला. या खेपेला दस्ता ठीक झाला. गिरजाबाई मात्र त्या दिवसापासून उतारावर झोपू लागली.

आता स्प्रिंगची पाळी आली. इसाकभाईने जुन्या सायकलच्या सीटची एक स्प्रिंग काढून बंदुकीत बसवली. चांगली ताठ होती. पण आतल्या दट्ट्याला जो चामड्याचा वायसर असतो, तो पार झिजला होता. वारा सगळा बाजूने निसटायचा.

"घरी जुनी चप्पल हाय का?" इसाकभाईने विचारलं.

"आईची हाय."

"तिचं चामडं घे. ह्या दट्ट्याच्या मापाचा गोल वायसर काप."

म्हाळूने दट्ट्याचं माप घेतलं. ते होतं बोटाच्या पेराएवढं. मग त्याने वर वीतभर जास्ती ठेवलं. एका चपलेत ते भागेना, म्हणून आईच्या दोन्ही चपला उसवून, जोडून, शिवून त्याने एक वायसर तयार केला. वायसर ताटाएवढा झाला. त्यावर दोन माणसं जेवली असती.

तो त्याने नळकांड्यात घालून पाहिला. जाईना. घडी घालून पाहिला. जाईना. शेवटी बंदूक उभी करून त्याने मुसळाने ठोकायला घेतलं, तेव्हा आई म्हणाली, "म्हाळ्या, तू इसाककडं जा बाबा. मीबी संगं आले असते, पर माज्या चपला आता कुठल्या."

इसाकभाई इतका हसला की त्याला स्टुलावर बसावं लागलं. मग डोळे पुसून त्याने सांगितलं, "नीट ऐक. वायसर मापाचाच काप. आन् बसवायच्या आधी दिसभर तेलात बुडवून ठेव. कोरडी वस्तू आडती. तेलात बुडवली की सुळकन जाती."

"कोरडी आडती, तेलात बुडवावी," म्हाळू म्हणाला. त्याने वायसर मापाचा कापला. वाटीभर तेलात दिवसभर ठेवला. वायसर सुळकन आत गेला. बंदुकीला जोर आला. म्हाळूला एवढा आनंद झाला की त्याने गोठ्यातल्या बैलांनासुद्धा ही बातमी सांगितली.

दुसर्‍या दिवशी बघतो तो बंदुकीचा घोडा जड झालेला. ओढला तरी हलेना. म्हाळूने इसाकभाईला विचारायचं ठरवलं, पण मग त्याच्या लक्षात आलं की हे तर आपल्याला सांगून झालंय. कोरडी वस्तू अडते. त्याने मोठा हंडा घेतला. वर्षाचं करडईचं तेल डब्यात होतं, ते सगळं हंड्यात ओतलं. त्यात बंदूक उभी बुडवली. दस्ता वर येत होता, त्यावर पाटा ठेवला. उरलेल्या जागेत छर्‍यांची पुडीही सोडली.

संध्याकाळी त्याने बंदूक बाहेर काढली. घोडा सुळकन ओढला गेला, म्हणजे उपाय खरा होता. भिंतीवरच्या एका गोवरीवर त्याने बार काढला.

असा आवाज उंबरसोंडीत आधी झाला नव्हता. गोवरी राहिली, भिंत राहिली, पण नळीतलं तेल पेटलं आणि अंगण दिसेनासं झालं. आधी छरा आला, त्याच्यामागून धूर आला, आणि धुरामागून वास आला. वास भजी तळल्याचा होता. शेजारची शेवंता ताटली घेऊन कुंपणापाशी आली आणि म्हणाली, "काय तळताय गिरजाबाई? वाईच आमच्या पोरांना."

धूर विरल्यावर म्हाळू दिसला. त्याच्या भुवया जागेवर नव्हत्या. तो खुशीत होता. त्याला वाटलं, बंदुकीत एवढी ताकद आली म्हणजे आता बोळकंच काय, दोन्ही कडुलिंब पडतील.

इसाकभाई आवाज ऐकून स्वतःच धावत आला. त्याने बंदूक हातात घेतली, ती निसटून खाली पडली. पुन्हा उचलली, पुन्हा निसटली. "आरं, एवढं तेल? जत्रंत माणसं मारायचीत का तुला?" तो म्हणाला. "तेलकट वस्तू अशी ठेवू नये. राखंनं घासावी, फडक्यानं पुसावी, उन्हात टाकावी. चकचकीत होती."

म्हाळूने बंदूक राखेने घासली, फडक्याने पुसली, उन्हात टाकली. बंदूक आरशासारखी चकचकीत झाली. आता तिच्यात काही खोट राहिली नव्हती, हे मी अगदी शपथेवर सांगतो. इथेच थांबला असता तर म्हाळू सुखी झाला असता. पण त्याच दिवशी गिरजाबाईने व्याह्यांकडे न्यायला करंज्या तळल्या.

तेल उसनं आणून तळल्या. शंभर करंज्या. परातीत काढून ती जरा पाठ टेकायला गेली, म्हणजे उताराला लागली. म्हाळू स्वयंपाकघरात आला. त्याने एक करंजी उचलली. बोटाला तेल लागलं. त्याने दुसरी उचलली. तीही तेलकट.

गिरजाबाई उठून बाहेर आली तेव्हा अंगणात शंभर करंज्या उन्हात ओळीने मांडलेल्या होत्या. राखेने घासून, पुसून. म्हाळू शेवटच्या करंजीचा काठ घासत होता. "बघ आई," तो म्हणाला, "कशा कोरड्या झाल्या."

गिरजाबाई आधी रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. शेवटी पोराला जवळ बसवून म्हणाली, "म्हाळ्या, तुला बायको आणायची हाय ना? मंग माजं ऐक. जत्रंला न्यायची वस्तू घासायची नसती, पुसायची नसती, उन्हात टाकायची नसती. जाड फडक्यात गुंडाळायची, वर घट्ट गाठ मारायची, आन् सासर्‍याच्या पुढ्यातच सोडायची. मधी कुणी कितीबी सांगू दे, सोडायची न्हाई."

"सासर्‍याच्या पुढ्यातच," म्हाळू म्हणाला.

गिरजाबाईने पुन्हा करंज्या केल्या. म्हाळूने त्या फडक्यात गुंडाळल्या आणि घट्ट गाठ मारली. हे त्याने बरोबर केलं. मग त्याला आठवलं की बंदूकही जत्रेला न्यायची आहे. त्याने ती गोधडीत गुंडाळली आणि वर घट्ट गाठ मारली. गाठ नारळाएवढी आली.

जत्रेच्या आदल्या दिवशी इसाकभाई म्हणाला, "बंदूक आण, कुठं मारती बघू." म्हाळू गाठोडं घेऊन आला.

"सोड की."

"न्हाई. सासर्‍याच्या पुढ्यातच सुटंल."

इसाकभाईने समजावलं, विनवलं, रागावला. म्हाळू गाठोड्याला मिठी मारून बसला. शेवटी इसाकभाई वैतागून म्हणाला, "बरं, राहू दे गोधडीत." त्याने गोधडीच्या तोंडातून नळीचं टोक तेवढं बाहेर काढलं आणि वरून चाचपून घोडा शोधला. समोर बाभळीला डब्याचं झाकण टांगलेलं होतं. वरची गाठ बरोबर डोळ्यांपुढे येत होती. म्हणून इसाकभाईने मान वाकडी करून, कसाबसा अंदाजाने नेम धरला. छरा झाकणाच्या दोन हात डावीकडे गेला. त्याने पुन्हा मारला. पुन्हा दोन हात डावीकडे. तिसर्‍यांदाही तेच. यात बंदुकीचा काडीचा दोष नव्हता. पण दुकानात दोन सायकली उलट्या टांगून आलेला माणूस किती विचार करणार?

"हे बघ," इसाकभाई म्हणाला, "ही दोन हात डावीकडं मारती. तू बोळक्यावर नेम धरूच नगंस. बोळक्याच्या दोन हात उजवीकडं धर, म्हंजे लागंल."

"दोन हात उजवीकडं," म्हाळू म्हणाला. घरी जाऊन त्याने हे आईला सांगितलं. दुसर्‍या दिवशी सोनखडीच्या वाटेवर बैलांना सांगितलं. वाटेत ओढ्यापाशी भेटलेल्या एका माणसाने "राम राम" म्हटलं, त्यालाही तेच सांगितलं.

सोनखडीत जत्रा भरली होती. हलगी वाजत होती. सासरे दौलतराव वेशीपर्यंत घ्यायला आले. म्हाळूने त्यांच्या पुढ्यात आधी करंज्यांचं गाठोडं सोडलं, मग गोधडीची गाठ सोडली. आतून चकचकीत बंदूक निघाली. दौलतराव बघतच राहिले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला. "पोरी," त्यांनी सगुणेला हाक मारली, "गाठोडं बांध. औंदा जातीस तू."

सगुणेने गाठोडं बांधलेलंच होतं. ती नवं लाल लुगडं नेसून देवळाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. तिचं काळीज धडधडत होतं, आणि खरं सांगायचं तर सगळ्या गावाचंच धडधडत होतं.

एकेक जावई आला. एकेक बोळकं फुटलं. शेवटी दोरीवर दोनच राहिली. एक लाल चिंधीचं, ते सगुणेचं. त्याच्या उजवीकडे दोन हातांवर एक विटक्या हिरव्या चिंधीचं होतं, ते भागूआत्याचं.

भागूआत्या म्हणजे दौलतरावांची थोरली बहीण. वय सत्तर. पन्नास वर्षांपूर्वी तिच्या नवर्‍याचा नेम चुकला होता. "थांब, दुसरी बंदूक घेऊन आलोच," म्हणून तो गेला, तो अजून आला नव्हता. दर जत्रेला आत्या आपलं बोळकं टांगायला लावायची. गुरव निमूट टांगायचा. कोण बोलणार तिच्यापुढे?

म्हाळू रेघेवर उभा राहिला. त्याने एकच डोळा झाकला, तोही हात न लावता. लोकांत कुजबुज झाली, पाव्हणा सुधारला म्हणून. त्याने लाल चिंधीचं बोळकं पाहिलं. तिथून दोन हात उजवीकडे मोजले. मग खात्रीसाठी बापू गुरवाला विचारलं, "बापूकाका, जेवायचा हात उजवाच ना?"

"व्हय पाव्हणं."

म्हाळूने नेम धरला आणि घोडा ओढला.

बंदूक चांगली होती हे मी मघाशीच सांगितलं. जिथे नेम धरला होता, बरोबर तिथेच छरा गेला. भागूआत्याचं बोळकं फट्दिशी फुटलं आणि पन्नास वर्षांचा गुलाल वार्‍यावर उडाला.

हलगी थांबली. दौलतरावांनी पायरीवर बसकण मारली. म्हाळू एकटाच आनंदाने नाचत होता, कारण काहीतरी फुटलेलं त्याने पाहिलं होतं.

बापू गुरवाने घसा खाकरला. "रीत म्हंजे रीत," तो म्हणाला. "ज्या बाईच्या चिंधीचं बोळकं फुटलं, ती बाई गाडीत बसणार. देवाचा शब्द हाय."

गर्दीतून काठी टेकत भागूआत्या पुढे आली. तिच्या बगलेत गाठोडं होतं, पन्नास वर्षांपूर्वी बांधलेलं. तिने जावयाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "नवरा न्हाई तर न्हाई. सासर तर घडंल. चल रं, गाडी जोड." आणि कुणाचा हात न धरता गाडीत चढून बसली.

सगुणा तिथेच उभी होती. आधी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने गाडीत ऐटीत बसलेल्या आत्याला पाहिलं, तिच्या तोंडावरचा आनंद पाहिला, आणि तिला एकदम हसू फुटलं. हसता हसता तिला युक्ती सुचली. सगुणा म्हाळूसारखी नव्हती.

"बापूकाका," ती म्हणाली, "आत्या पैल्यांदा सासरी चालली. नवी नवरी एकटी धाडत्यात का कुठं? संगं पाठराखीण नगं?"

बापू गुरवाने दाढी खाजवली. नवरीसोबत पाठराखीण जाते, ही रीतही देवाचीच होती. त्याच्या डोळ्यांत हसू आलं. "व्हय की," तो म्हणाला, "पाठराखीण पायजेच. कोण जातंय?"

"मी जाते," सगुणा म्हणाली, आणि गाडीत बसलीसुद्धा.

गावाला खेळ कळला. हलगी पुन्हा सुरू झाली. दौलतराव डोळे पुसत हसू लागले. आता चारचौघांत रीत बोलून दाखवायला हवी, म्हणून बापू गुरव मोठ्याने म्हणाला, "ऐका हो पाव्हणं. पाठराखीण पाच दिसांची. पाचव्या दिशी खण-नारळ देऊन मानानं माहेरी पोचवायची." हे म्हणताना त्याने डोळा मिचकावला. दौलतरावांनी मिचकावला. सगळ्या सोनखडीने मिचकावला.

"पाचव्या दिशी," म्हाळू म्हणाला.

गाडी उंबरसोंडीला आली तेव्हा गिरजाबाई आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. गाडीतून आधी काठी उतरली, मग भागूआत्या उतरली. गिरजाबाईच्या हातातलं ताट तिरपं झालं. "ही कोण रं?"

"फुटलं गं आई," म्हाळू म्हणाला.

"आधी ओवाळा," भागूआत्या म्हणाली. "पन्नास वरसं थांबलीय मी."

तेवढ्यात मागून सगुणा उतरली, आणि गिरजाबाईला सगळं कळायच्या आधीच बरं वाटलं. तिने दोघींनाही ओवाळलं.

मग चार दिवस त्या घरात जे सुख होतं ते काय सांगावं. सगुणेने खाटेखाली विटा लावून खाट सरळ केली. आत्या आणि गिरजाबाईचं मिसरीवरून असं जमलं की दोघी दिवसभर अंगणात बसून गावाची खबर घेऊ लागल्या. सगुणा भाकर्‍या थापायची आणि म्हाळू समोर बसून खायचा. आठ-आठ खायचा. सगुणेने इकडचा कोनाडा सारवला, तिकडे तुळस लावली. जन्मभरासाठी आलेली बाई घर लावते तसं तिने घर लावलं.

पाचव्या दिवशी सकाळी म्हाळूने गाडी जोडली.

"कुठं निघालो?" सगुणेने विचारलं.

"तुज्या माहेरी. खण-नारळ घेतलाय. मानानं न्यायचं हाय तुला."

सगुणेला वाटलं, नवरा शहाणा झाला. रीत पाळल्यासारखं दाखवून लगेच परत आणायची असेल. ती हौसेने लाल लुगडं नेसली. वाटेने म्हाळू रडत होता. नाकाचा शेंडा लाल होईपर्यंत रडत होता. "कशापायी रडताय?" तिने विचारलं. "तू जाशील ना आता," तो म्हणाला. थट्टाच करतोय असं समजून ती हसली आणि पदराने तिने त्याचे डोळे पुसले.

सोनखडीत पोचल्यावर ती मैत्रिणींना भेटायला विहिरीवर गेली. म्हाळूने दौलतरावांच्या हातात खण-नारळ ठेवला, त्यांच्या पाया पडला आणि ते तोंड उघडायच्या आत गाडी वळवली.

घरी गिरजाबाई आणि भागूआत्या दारातच बसल्या होत्या. गिरजाबाईने रिकामी गाडी पाहिली. "म्हाळ्या, सगुणा कुठाय?"

"पोचवली. आज पाचवा दिस."

"आरं, बायको हुती ती तुजी!"

"ठाऊक हाय की," म्हाळू डोळे पुसत म्हणाला. "म्हणून तर वाटभर रडलो. पर आई, ह्या खेपंला माजं कायसुदीक चुकलं न्हाई."